‘स्थलांतरित’ या आकड्यात कोण दिसत नाही?

हमरापूर म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात. पण ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा पेण तालुक्यातलं हे गावही त्याच जिल्ह्यात होतं. मग वादळात इथल्या आजारी माणसांचं काय होतं, हे इतिहासात शोधायचं कुठे?

मुंबईचं सोपं आहे. ‘निसर्ग’च्या आधी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या कोविड रुग्णालयातून सुमारे १५० रुग्ण हलवले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी दहिसर, मुलुंड आणि वांद्रे-कुर्ला इथून ५८०. हे आकडे मिळतात, कारण ही माणसं आधीच खाटेवर होती, म्हणजेच नोंदवहीत होती.

गावात घरी राहून आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याचं तसं नाही. शाळेत निवारा उघडला तर त्याला छप्पर मिळेल, पण रस्त्यात झाड पडलं तर डायलिसिसला पोचणार कसा? घरी ऑक्सिजनवर असलेल्याला तर आधी वीज हवी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ जिल्हा आपत्ती प्राधिकरणाला दिव्यांगांची नोंद ठेवायला सांगतं. पण नुसती मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस त्या कायद्याच्या २१ प्रकारांत बसत नाही.

म्हणून ‘इतके स्थलांतरित’ हा आकडा मिळाला की तिथे थांबू नका. डायलिसिस केंद्राची वही, आशाताईंच्या नोंदी, वीज गेल्याच्या वेळा बघा. चुकलेली पाळी तिथेच सापडेल.