मु. पो. ते एक क्लिक

गेल्या वर्षी भाद्रपदात एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "अहो, मला तुमचं पुस्तक हवंय, खातं नकोय. तुमचं दुकान पासवर्ड कशाला मागतंय? त्यापेक्षा सरळ व्ही. पी. करा ना."

स्थानिक इतिहासावरची माझी छोटी पुस्तके एका मित्राच्या ऑनलाइन दुकानातून विकली जातात. दुकान वूकॉमर्सवर चालते आणि त्याची देखभाल शिकत-चुकत मीच करतो. वाचक पुस्तक कार्टमध्ये टाकतात आणि पत्त्याच्या फॉर्मपाशी येऊन परत फिरतात, हे मला दिसत होते. चेकआउट सोपे करणारे एखादे प्लगइन बसवावे, असे ठरले होते. बाईंच्या फोनने मात्र मला आधी मागे नेले.

व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्ही. पी., भारतीय टपालखात्याने १८७७ साली सुरू केली. टपालाची मनीऑर्डर आली १८८० मध्ये. या दोन सोयींवर मराठी पुस्तकांचा गावोगावचा व्यवहार कित्येक दशके चालला. वाचकाचे काम एक पोस्टकार्ड टाकण्याचे. पुस्तकाचे नाव, स्वतःचे नाव आणि मु. पो., ता., जि. एवढे लिहिले की झाले. पोस्टमन पार्सल दारात आणी, पैसे घेई आणि ते मनीऑर्डरने प्रकाशकाकडे जात. खरेदी सोपी होती ती वाचकापुरती. घेणाऱ्याने पार्सल नाकारले तर टपालखर्चाचा भुर्दंड प्रकाशकावर पडे आणि वसुलीची जबाबदारी पोस्टाने उचललेली असे. २०१० मध्ये फ्लिपकार्टने घरपोच रोखीची सोय आणली, तेव्हा तिचे कौतुक नवी कल्पना म्हणून झाले. माझ्या मते ती व्ही. पी.चीच नात.

अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सुटला. ग्राहकाचा पत्ता आणि कार्ड दुकानानेच जपून ठेवायचे आणि पुढच्या वेळी एका क्लिकवर ऑर्डर घ्यायची, या पद्धतीच्या पेटंटसाठी अॅमेझॉनने सप्टेंबर १९९७ मध्ये अर्ज केला. २८ सप्टेंबर १९९९ रोजी पेटंट मिळाले आणि महिन्याच्या आत कंपनीने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला. नाताळच्या हंगामाच्या तोंडावर, १ डिसेंबरला, न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. प्रतिस्पर्ध्याला आपल्या चेकआउटमध्ये मुद्दाम एक पायरी वाढवावी लागली. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने ती मनाई उठवली, २००२ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात अॅपलने याच पेटंटचा परवाना घेतला होता. २०१७ मध्ये त्याची मुदत संपली. एका क्लिकसाठी एवढी झुंज का, याचे उत्तर त्या क्लिकमागच्या वहीत आहे. ज्याच्याकडे ग्राहकाचा पत्ता आणि कार्ड नोंदलेले, त्याच्याकडेच ग्राहक परत येतो.

आपल्याकडे त्या वहीला लगाम घातला तो रिझर्व्ह बँकेने. ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे देताना आणखी एक पडताळणी सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई आली. त्याऐवजी टोकन वापरावे लागते. दरम्यान २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि पुष्कळांना कार्डाची गरजच उरली नाही. म्हणजे अमेरिकेतली वाट इथे जशीच्या तशी चालणारी नव्हती.

एवढे कळल्यावर प्लगइनांकडे नव्या नजरेने पाहता आले. ती मुख्यतः तीन जातींची दिसली. काही कार्टचे पान वगळून ग्राहकाला थेट पैसे भरण्याच्या पानावर नेतात. काही फॉर्ममधल्या नको त्या चौकटी काढू देतात. तिसरी जात सर्वांत झटपट: मोबाइल क्रमांक टाकला, ओटीपी दिला की त्रयस्थ कंपनी आपल्याकडचा जुना पत्ता आपोआप भरते. मित्राचा कल तिसरीकडे होता. मी म्हणालो, "पायरी कमी होते खरी, पण आपल्या वाचकांची वही दुसऱ्याच्या घरी जाते." व्ही. पी.मध्ये मध्यस्थ पोस्ट होते. कुणी कोणती पुस्तके मागवली याचा धंदा ते करीत नव्हते.

जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेला एक किस्सा इथे उपयोगी पडला. एका मोठ्या दुकानाने 'नोंदणी करा' हे बटण काढून 'पुढे जा' असे केले आणि खाते उघडण्याची सक्ती नाही एवढेच खाली लिहिले. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले. आमच्या बाईंची तक्रार हीच तर होती.

मग आम्ही दुसऱ्या जातीचे, साधे प्लगइन घेतले. खाते ऐच्छिक केले. कंपनीचे नाव, देश, बिलाचा वेगळा पत्ता या चौकटी काढल्या. उत्साहाच्या भरात पत्त्याची दुसरी ओळही काढली आणि तिथे चुकलो. खेड्यातले एक पार्सल परत आले; पत्त्यात ना वाडीचे नाव होते, ना तालुक्याचे. परतीचा भुर्दंड आमच्यावर, अगदी व्ही. पी.सारखा. मूळ फॉर्म परदेशी पत्त्याच्या अंगाने बेतलेला. त्यात तालुका नव्हताच. ती ओळ परत आणली, तिच्यावर 'वाडी / जवळची खूण' असे लिहिले आणि तालुक्याची नवी चौकट घातली. सोपे करायला निघालो होतो आणि एक चौकट वाढवून बसलो. पार्सल मात्र पोचू लागले.

बाईंना मी पुन्हा फोन केला. त्यांनी स्वतः फॉर्म भरला, यूपीआयने पैसे दिले. तालुक्याच्या चौकटीत त्यांनी सवयीने पूर्ण ओळ लिहिली होती: मु. पो., ता., जि. ती मी तशीच छापून पार्सलवर चिकटवली.