चित्त मोजता येतं का? लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतला धडा

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिली अडचण हीच येते. प्रश्न मोठा असतो आणि आपल्याला मोजता येतं ते फार थोडं. ‘योगाने माणूस आतून बदलतो का?’ हा तसाच प्रश्न. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने योग प्रयोगशाळेत नेला, तेव्हा त्याच्यासमोरही हीच अडचण होती.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). बडोद्यात माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले आणि पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग. गुरूंच्या लेखी योग ही अध्यात्मसाधना होती. गुण्यांना तेही हवं होतं. पण या क्रिया करताना शरीरात नेमकं काय घडतं, हेही बघायचं होतं. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढलं.

त्यांचे दोन प्रयोग बघा.

पहिला नौलीचा. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब त्यांनी मोजला, तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला. बस्तीत पाणी आपोआप आत कसं ओढलं जातं, याचं सरळ भौतिकशास्त्रीय उत्तर मिळालं. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: ‘माधवदास व्हॅक्यूम’.

दुसरा प्राणायामाचा. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, असं आपण आजही ऐकतो. त्यांनी श्वासातले वायू मोजले. ही समजूत टिकली नाही, आणि त्यांनी तसं छापलं. योगावर पूर्ण श्रद्धा असलेल्या माणसाने योगाच्या बाजूचा एक लाडका युक्तिवाद स्वतःच खोडला. प्राणायाम मात्र सोडला नाही. त्याचं महत्त्व ऑक्सिजनमध्ये नाही, एवढंच म्हटलं.

मला हा दुसरा प्रयोग जास्त मोठा वाटतो. आपल्याला हवं ते उत्तर आलं नाही, तर आपण काय करतो? पहिल्या वर्षी मी असे आकडे ‘चुकीचं रीडिंग’ म्हणून बाजूला ठेवले होते. गाइडनी एवढंच विचारलं, “हवं ते आलं असतं, तर परत तपासलं असतंस का?”

आणि चित्ताचं काय? दाब मोजला तर दाबच कळतो. आज आपण कॉर्टिसोल मोजतो, मेंदूच्या लहरी नोंदवतो. कॉर्टिसोल कमी झालं, तर ताणाचं एक लक्षण कमी झालं. माणूस आतून बदलला, हे त्यातून सिद्ध होत नाही. खोटंही ठरत नाही. तो प्रश्न आपल्या आकड्यांच्या पलीकडे राहतो, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

म्हणून सिनॉप्सिसच्या आधी वहीत दोन रकाने करा: ‘मी काय मोजणार’ आणि ‘त्यावरून काय म्हणणार’. दोन्हींतलं अंतर किती आहे, ते तुम्हीच आधी बघा. मुलाखतीत समिती तेच बघणार आहे.