पुराण मागणारा श्रोता

गोव्याच्या साष्टी प्रांतातील एका ख्रिस्तमंदिरात धर्मशिक्षणाचा वर्ग चालू होता. प्रार्थना व श्रद्धेची सूत्रे पाठ करून घेतली जात होती. इतक्यात एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्याने पाद्रीगुरूंना विचारले की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? फादर थॉमस स्टीफन्स यांनी हा प्रसंग आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच गुंफला आहे. तो जसाच्या तसा घडला की कवीने रचला, या वादात आम्ही शिरत नाही. प्रश्न मात्र खरा होता आणि त्यामागचे दुःखही खरे होते.

ते दुःख समजून घेण्यासाठी तो काळ पाहावा लागेल. 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. पुढे त्याच परिसरातील गावकऱ्यांच्या प्रमुखांना वाटाघाटीसाठी बोलावून ठार करण्यात आले. आपल्या हुतात्म्यांचे स्मरण करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे शुभवर्तमानाला शोभणारे नाही. माणसांची देवळे गेली, ओव्या गेल्या, पुराणकथा गेल्या. नवी प्रार्थना ओठांवर आली, पण दळताना, पेरताना, मृताजवळ बसताना काय म्हणायचे?

स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. त्यांच्या मायदेशात त्या काळी कॅथॉलिकांनाच मिस्सा चोरून करावी लागे. 1579 मध्ये ते गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांच्या या वास्तव्याचा बराच काळ साष्टीत गेला. स्वतःची श्रद्धा लपवून जगणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या या माणसाने त्या श्रोत्याचा प्रश्न उद्धटपणा मानला नाही, हे आम्हांला विशेष वाटते.

उत्तर म्हणून त्यांनी जे रचले, ते 1616 मध्ये राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. त्यात दोन पुराणे आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. एकूण 95 अवस्वरू आणि सुमारे अकरा हजार ओव्या! छंद निवडला तो संतांच्या परंपरेतील, मराठी कानांना सरावलेला. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेण्यातही त्यांना संकोच वाटला नाही. काना गावच्या लग्नाचे वर्णन ऐकताना श्रोत्याला आपल्याच दारचा मांडव आठवावा, ही त्यांची दृष्टी होती. शास्त्र परक्या भाषेत राहिले, तर ते रविवारपुरतेच राहते, हे त्यांनी ओळखले होते.

पुराणाच्या पुढील आवृत्त्या 1649 व 1654 मध्ये निघाल्या. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ टिकला, कारण लोकांनी तो हातांनी उतरून घेतला होता. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो जपला. टिपू सुलतानाच्या कैदेतील कठीण वर्षांत याच ओव्यांनी धीर दिला, अशी त्या समाजाची परंपरागत आठवण आहे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली. जो शब्द जगण्यात उतरला होता, तोच फर्मानाला पुरून उरला.

आज आपल्याला कोणाकडे पुराण मागावे लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 मध्ये शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना मोकळे असावे, असे बजावले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ साहित्य अकादमीच्या अनुवाद-पुरस्काराने गौरविले गेले. 2019 मध्ये परमगुरू फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. ग्रंथ आल्ताराशेजारी आहे, स्वच्छ वस्त्रात गुंडाळलेला आहे. उणीव आहे ती त्या श्रोत्याची.

संत याकोब आपल्या पत्रात विचारतो, त्याचा आशय असा: उघड्या व उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्याचा काय उपयोग? आपल्या घरी रोझरीनंतर एखादा उतारा वाचला जातो. पण बांधावरून भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. क्षमेचा दाखला आपण ऐकतो आणि जुना हिशेब मनात जपून ठेवतो. घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी उद्यावर ढकलतो, आणि त्याच संध्याकाळी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचतो.

साष्टीच्या त्या श्रोत्याने आपले रोजचे रितेपण पाद्रीगुरूंपुढे उघडपणे मांडले, म्हणून मराठीला एक महाकाव्य लाभले. आपणही शास्त्र उघडताना आपले खरे प्रश्न, म्हणजे शेताचा बांध, मुलीचे लग्न, म्हाताऱ्या आईची शुश्रूषा, घेऊन बसलो, तर आपल्या घरांतही एक पुराण रचले जाईल. ते ओव्यांत नसेल, वागण्यात असेल. ते उतरून घेण्याचे काम आपली मुले करतील.