रेघ की अक्षर?

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो क्रमांक. कोणत्या क्रमांकाला कोणते चिन्ह, हे माणसांनी ठरवायचे. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या आणि १९६७ साली सुधारलेल्या ‘आस्की’ संकेतात क्रमांक अवघे १२८. त्यात कोष्टकाची चौकट आखण्यासाठी चिन्हे नव्हती. वजाबाकीची चिन्हे ओळीने मांडून काम भागवावे लागे.

१९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हीटी-१०० टर्मिनल आले. टर्मिनल म्हणजे कळफलक आणि पडदा. संगणक तारेच्या दुसऱ्या टोकाला. यात एक युक्ती होती. ठरावीक संकेत आला की टर्मिनलने दुसरा चिन्हसंच वापरायचा. मग ११३ म्हणजे क्यू नव्हे, आडवी रेघ. १२० म्हणजे एक्स नव्हे, उभी रेघ. एल आणि के हे वरचे दोन कोपरे. परतीचा संकेत आला की पुन्हा अक्षरे.

आणि परतीचा संकेत वाटेत हरवला तर? इंग्रजी मजकुरातील लहान लिपीची अक्षरे रेघा होतात, मोठी अक्षरे व अंक मात्र शाबूत राहतात. असे का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. (अदलाबदल फक्त ९५ ते १२६ या क्रमांकांचीच होते.) उलट, टर्मिनलला तो संकेत कळलाच नाही, तर चौकटीच्या जागी ‘एल क्यू क्यू क्यू के’ उमटते.

आयबीएमच्या पीसीने १९८१ साली २५६ क्रमांक वापरून रेघांना कायमची जागा दिली: १७९ ते २१८. भांडण मिटले असे वाटावे, तोच ते आपल्या दारात आले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेल्या ‘इस्की’ संकेतात क ते ह ही सारी व्यंजने १७९ ते २१६ या क्रमांकांवर आहेत, म्हणजे नेमकी रेघांच्याच जागी! साध्या पीसीवर क ची उभी रेघ होते, द ची आडवी. इस्कीप्रमाणे वाचले, तर चौकटीची आडवी बाजू ‘दददद’ अशी दिसते. मराठी हवी की चौकट, असाच हा प्रश्न होता.

युनिकोडमध्ये दोघांची घरे वेगळी आहेत: क चा क्रमांक २३२५, उभ्या रेघेचा ९४७४. तरीही जुने कार्यक्रम चिन्हसंच बदलण्याचा तोच संकेत पाठवतात, आणि युनिकोड वापरणाऱ्या काही टर्मिनल-प्रणाली तो मुद्दाम दुर्लक्षितात. मग पडद्यावर पुन्हा एल क्यू क्यू क्यू के.