अनुशेष : एका सरकारी शब्दाची कुळकथा

दप्तरात ‘बाकी’ होती, ‘थकबाकी’ होती. दोन्हींत देणेकरी कोण, हे ठाऊक असते. ‘अनुशेष’ हे निराळे देणे. अनु म्हणजे मागून, शेष म्हणजे उरलेले. शेजारचा जिल्हा पुढे गेला आणि आपल्या वाट्याचे मागेच राहिले, ते.

याचे मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करू, मराठवाड्याकडे विशेष लक्ष देऊ, असा शब्द तिथे दिला गेला. पुढे १९५६ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) ने विकास मंडळांची आणि समन्यायी निधीवाटपासाठी राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची सोय केली. गाऱ्हाणी वाढत गेली, मोजमाप मात्र कोणी केले नाही.

ते १९८३ मध्ये नेमलेल्या, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने केले. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, ग्रामीण विद्युतीकरण अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीची रेघ ओढली. रेघेखालच्या जिल्ह्याला वर आणायला लागणारी कामे हा भौतिक अनुशेष, त्या कामांचा खर्च हा आर्थिक अनुशेष. सिंचनात ऊस आणि ज्वारी एका मापात बसेनात, तेव्हा सगळे पाणी रब्बी ज्वारीच्या क्षेत्रात मोजले. मला या हिशेबातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते : कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक राज्याचे माप झाले.

१९८४ च्या अहवालात आकडा आला सुमारे ३,१८६ कोटी रुपये. विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा जवळपास २४, बाकीचा उर्वरित महाराष्ट्राचा. जिल्हा हे एकक धरल्याने पुढारलेल्या विभागांतले मागासलेले जिल्हेही दिसले.

वैधानिक विकास मंडळे यायला १९९४ उजाडले. त्याच वर्षाची स्थिती धरून दुसऱ्या समितीने मोजले, तेव्हा अनुशेष चौदा हजार कोटींवर गेला होता. दरम्यान सरासरी वर सरकली होती, कामांचे दरही चढले होते. पुढे राज्यपालांचे निर्देश आले, पैसा वळला, आर्थिक अनुशेष कागदावर मिटत गेला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अकोला, बुलढाण्याकडे मात्र सिंचनाचा भौतिक अनुशेष त्यानंतरही हेक्टरांतच मोजला जात होता.