हात लावण्याचा अधिकार

भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडले. वस्तू काचेआड. पाहा, पण शिवू नका! हा हुकूम आमच्या पूर्वजांच्या ओळखीचाच. फरक एवढाच, की तेथे वस्तूला शिवायचे नव्हते, गावात माणसाला.

भीमराव वर्गात फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी ते आधी हलवले, ही हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. आमचे ज्ञान अडले ते बुद्धीपाशी नव्हे, हातापाशी.

वरळीला १९७४ च्या जानेवारीत बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली. त्याच महिन्यात मोर्च्यावरील दगडफेकीत पँथर भागवत जाधव शहीद झाले. त्याच वरळीत १९७७ साली प्रकाश व दृष्टी यांवरचे दालन, १९७९ च्या बालक वर्षात विज्ञान उद्यान आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी नेहरू विज्ञान केंद्र खुले झाले. येथे हुकूम उलटा : दांडा फिरवा, दोर ओढा, मग नियम समजून घ्या.

वस्तीतली मुले घेऊन मी तेथे गेलो. कप्पीसमोर एक मुलगी थबकली. "सर, हात लावू?" मी म्हणालो, "लाव." तिने आपले वजन आपल्याच हातांनी उचलले.

पण स्पर्धेची फी, प्रदर्शनाच्या प्रतिकृतीचा खर्च, गाडीभाडे यांपाशी किती हात आजही अडतात? काच गेली म्हणून भिंत गेली, असे मी मानत नाही. विज्ञान वस्तीत आले पाहिजे, आणि ते आणण्याचे काम आपले आहे.