मढीच्या यात्रेची यादी आणि हजेरीचं रजिस्टर

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मढीच्या यात्रेच्या आधी मी एक उद्योग केला होता. तिसगाव, मढी, पाथर्डी या आपल्या भागातलं कोणकोण इन्स्टाग्राम-फेसबुकवर चांगलं लिहितं, रील करतं, बाजारभाव टाकतं, अशा ५३ खात्यांची यादी केली. प्रत्येकापुढं गाव, समाज आणि एका ओळीत ओळख. वर लिहिलं, ‘आपल्या मातीतली माणसं, सगळ्यांना फॉलो करा’. दोन दिवसांत यादी कुठल्या कुठं गेली. लोकांनी शाबासकी दिली. ५३ जणांपैकी एकालाही मी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. बाहेरगावी शिकते, आजीच्या तोंडची गाणी रेकॉर्ड करून टाकते. म्हणाली, “दादा, माझं नाव काढता का?” मला वाटलं, ओळखीत काही चुकलं असेल. तसं नव्हतं. तिच्या नात्यातल्या एका मुलीनं जातीबाहेर लग्न केलंय, घरादारानं तिच्याशी संबंध तोडलाय. ही मात्र तिला फॉलो करत होती. एवढंच. ना फोटोवर बोलणं, ना लाईक. माझी यादी समाजाच्या ग्रुपवर गेली, भावकीतली माणसं हिच्या खात्यावर आली, आणि कोणीतरी ‘फॉलोइंग’वर बोट ठेवलं. संध्याकाळी घरी विचारणा झाली, की तुझं अजून तिच्याशी बोलणं आहे का?

मी लगेच नाव काढलं. पण ज्यांनी पाहायचं ते पाहून झालं होतं.

त्या रात्रीपासून याद्यांचा इतिहास डोक्यातून जाईना. आणि तो शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. तिसगावातून मढीचा डोंगर दिसतो. कानिफनाथांची ही यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते, रंगपंचमीला सगळ्यात मोठी गर्दी. रेवड्या आणि गाढवांचा बाजार लोकांना माहीत असतो. पण मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात ते वेगळ्या कारणानं. वर्षभर मुलूखभर पांगलेली माणसं इथं एकत्र यायची. सोयरिकी जुळायच्या, भांडणं मिटायची, जातपंचायती बसायच्या. पत्ता नसलेल्या माणसांचा हा वर्षातून एकदाचा पत्ता होता.

आणि ज्याला पत्ता नाही त्याची सरकारला भीती वाटते. इंग्रजांनी १८७१ साली ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ केला, आपण त्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणतो. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या दुरुस्त कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लावता आला, म्हणजे आपल्याकडेही आला. १९२४ ला पुन्हा एकत्रित कायदा झाला.

या कायद्याचं हत्यार बंदूक नव्हती, रजिस्टर होतं. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटनं तिच्यातल्या माणसांची नोंद करायची. नोंद झालेल्या माणसानं हजेरी द्यायची, मुक्काम हलवायचा तर कळवायचं, परवान्याशिवाय हद्द सोडायची नाही. १९११ पासून बोटांचे ठसेही आले. तुम्ही चोरी केली का, हा प्रश्न या रजिस्टरात नाहीच. प्रश्न एकच, तू कोणाचा? बापाचं नाव यादीत असेल तर पोराचंही लागलं. जमात जाहीर करण्याचा निर्णय बरोबर की चूक, हे कोर्टात विचारायची सोयसुद्धा १८७१ च्या कायद्यानंच बंद करून ठेवली होती.

सोलापूरला यातल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं. ‘सेटलमेंट’ हा शब्द तिथं अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ज्या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचं नाव ‘उचल्या’ आहे. नावच बघा ना. दुसऱ्यांनी चिकटवलेला शब्द पुस्तकाच्या कव्हरवर घ्यायला किती बळ लागलं असेल!

स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला आलं. या लोकांची यादी देशभरात रद्द झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षं सोळा दिवसांनी. म्हणून ते ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण कायदा रद्द झाला म्हणून यादी लोकांच्या डोक्यातून गेली का? गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालावर जाते, हे आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी लिहितो. त्याच नावांतून पुढं महाराष्ट्राच्या विमुक्त जातींची यादी झाली. १४ जाती, ३ टक्के आरक्षण. त्या यादीत नाव असावं म्हणून माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. म्हणजे यादी मुळात वाईट असं मी म्हणत नाही. ती कोणाच्या हातात आहे आणि नाव असणाऱ्याला काही विचारलंय का, यावर सगळं आहे. मी तरी विचारलं नव्हतं.

सरकारचं रजिस्टर एक, आणि जातपंचायतीचं दुसरं. हे दुसरं कागदावर नसायचं. अमक्याला वाळीत टाकलं की त्याच्या घरी कोण जेवलं, लग्नाला कोण गेलं, मयताला खांदा कोणी दिला, याची मोजदाद पंचांच्या डोक्यात. वाळीत टाकण्याची खरी ताकद त्या एका घरात नसते, त्या घराशी संबंध ठेवणाऱ्या दहा घरांच्या भीतीत असते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २०१३ मध्ये जातपंचायतीविरुद्ध मोहीम उघडली. पुढं महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण पूर्वी पंचांना माग काढायला माणसं पाठवावी लागायची. आता कोण कोणाच्या संबंधात आहे हे आपण स्वतःच्या हातानं खात्यावर लिहून ठेवतो, तेही नावनिशीवार.

बेचाळीसची गोष्ट इथं आठवते. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत काँग्रेसची कार्यकारिणी एका झटक्यात पकडली. नावं जगजाहीर होती, पोलिसांना शोधावं लागलं नाही. त्यातले बारा जण आपल्या नगरच्या किल्ल्यात ठेवले. नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव वगैरे. आणि त्याच नगरमध्ये जन्मलेले अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले, ते १९४६ पर्यंत सरकारला सापडलेच नाहीत. वॉरंट होतं, शोध होता. नुसतं नाव माहीत असून भागत नाही, तो माणूस कोणाकडे उतरतो हे कळावं लागतं, आणि ज्यांच्या घरी ते उतरले ती घरं तोंड बंद ठेवून राहिली. उलट उषा मेहतांचं काँग्रेस रेडिओ ऑगस्टअखेर सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं, कारण आतल्याच एका तंत्रज्ञानं पोलिसांना खबर दिली. पकडतात ते नात्याच्या धाग्यानं.

हा धागा आज किती लांब जातो? केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्ये गाजलं तेव्हा फेसबुकनं आकडा दिला. भारतात ते प्रश्नमंजुषेचं ॲप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी. पण त्यांच्या मित्रयादीतून माहिती गेली असण्याची शक्यता होती एकूण ५ लाख ६२ हजार ४५५ भारतीयांची. ३३५ माणसं म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम लग्न. बाकीच्या साडेपाच लाखांनी काहीच केलं नव्हतं, ते फक्त कोणाच्या तरी यादीत होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं, तेव्हा फेसबुकनं अफगाणिस्तानातल्या खात्यांची मित्रयादी बघण्याची सोयच तात्पुरती बंद केली. लिंक्डइननंही तेच केलं. म्हणजे मित्रयादीवरून माणूस जिवानिशी जाऊ शकतो हे कंपन्यांनाही पक्कं माहीत आहे. तरी २०२४ पासून ब्लूस्कायवर ‘स्टार्टर पॅक’ मिळतात, कोणीतरी केलेली यादी आणि एका बटणावर सगळ्यांना फॉलो. त्यात तुमचं नाव घालायला तुमची परवानगी लागत नाही. माझ्या यादीचंच मोठं भावंडं म्हणा.

कोणी म्हणेल, आता कायदा आलाय ना. आलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदाही झाला. पण त्याच्या कलम ३ मध्ये दोन सवलती आहेत. घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी माणसानं वापरलेली माहिती त्यात येत नाही, आणि आपण स्वतःहून जाहीर केलेली माहितीही येत नाही. खातं सगळ्यांसाठी उघडं असेल तर आपण कोणाला फॉलो करतो हे आपणच जाहीर केलेलं आहे, असं कोणीही म्हणू शकतो. तिथं भांडायला वकील लागेल, आणि त्या मुलीला त्या संध्याकाळी वकील नको होता.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये मित्रयादी आणि फॉलो केलेली मंडळी कोणाला दिसावीत हे ठरवता येतं, ‘फक्त मी’ करून टाका. इन्स्टाग्रामवर खातं प्रायव्हेट केलं तरी तुम्ही मंजूर केलेल्यांना यादी दिसते. भावकीला मंजूर केलं असेल तर दार उघडंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला ग्रुपात कोणी ओढावं हे २०१९ पासून आपल्या हातात आहे, पण ते सेटिंग मुद्दाम जाऊन बदलावं लागतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर जुनी यादी पुसली. स्क्रीनशॉट कोणाकोणाकडे आहेत देव जाणे. मग उरलेल्या ५२ जणांना एकेक करून विचारलं, काहींना फोन, काहींना मेसेज. चौदा जणांनी नाव नको म्हणून सांगितलं, त्यातल्या नऊ बायका-मुली. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सहा जणांनी उत्तरच दिलं नाही, ते नाहीतच धरले. स्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्यानं उलट झापलं, “नाव कशाला काढतो, मोबाईल नंबर पण टाक, वड्याचा फोटो टाक!” त्याचं टाकलंय. नव्या यादीत समाजाचा रकाना नाही. तो पहिल्या यादीत मी का घातला होता, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

ही पोस्ट टाकण्याआधी त्या मुलीला वाचायला पाठवली होती. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी मी आधीच बदलल्या होत्या. तिनं आणखी दोन वाक्यं काढायला सांगितली. ती काढली आहेत.